कंटेनर-संयोजनाच्या प्रात्यक्षिक कार्यशाळेची पूर्वतयारी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेताची नांगरट झालेली असावी, ढेकळे फुटलेली असावीत आणि बियाणे घरात येऊन पडलेले असावे, हे कोणत्याही शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. पाऊस दारात आल्यावर जो नांगराचा फाळ शोधू लागतो, त्याची पेरणी हुकते. आणि हुकलेली पेरणी त्या वर्षी पुन्हा साधत नाही. संगणकविषयक प्रात्यक्षिक कार्यशाळांनाही हाच न्याय लागू पडतो. कार्यशाळेचे दिवस मोजके असतात. पहिल्या दिवशी सकाळी साधनांची जुळवाजुळव करण्यास आरंभ केला, तर दुपारच्या भोजनापर्यंत तीच चालते आणि मूळ विषय बाजूला राहतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय.

‘कंटेनर ऑर्केस्ट्रेशन’, म्हणजेच कंटेनरांचे संयोजन, हा विषय असा आहे की त्यात पूर्वतयारीचे महत्त्व इतर विषयांहून अधिक आहे. प्रस्तुत पाठात या विषयाची तोंडओळख, संगणकाची पात्रता, लागणारी साधने, इमेजांचा साठा आणि घरी करावयाची चाचणी यांचा क्रमाने विचार केला आहे. संगणक विषय शिकविणारे शिक्षक, शासकीय कार्यालयांतील तांत्रिक कर्मचारी आणि पदविका घेऊन गावी परतलेले तरुण यांना तो उपयुक्त ठरावा. अशा कार्यशाळेस आपल्या कार्यालयातील माणसे पाठविणाऱ्या अधिकाऱ्यांनीही त्यातील काही भाग आवर्जून वाचावा असा आहे.

कंटेनर म्हणजे काय?

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ धातूच्या पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाची ती योजना होती. तत्पूर्वी पोती, पिंपे आणि खोकी एकेक करून हमालांकरवी जहाजात चढवावी लागत. मॅक्लीन यांनी माल आधीच पेटीत बंद केला आणि पेटीच उचलून जहाजावर ठेवली. आत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते. पेटीचे माप ठरलेले असले म्हणजे पुरे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा येथील बंदरात आज दिसणाऱ्या रंगीबेरंगी पेट्यांच्या राशी हे त्याच कल्पनेचे फळ होय.

संगणकाच्या क्षेत्रात हीच कल्पना वेगळ्या रूपाने आली. एखादा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, एका संगणकावर सुरळीत चालतो आणि दुसऱ्यावर अडतो, हा अनुभव प्रत्येक संगणक शिक्षकास आहे. कारण कार्यक्रमाला लागणारी सहायक साधने, त्यांच्या आवृत्त्या आणि मांडणी प्रत्येक यंत्रावर सारखी नसते. यावर उपाय म्हणून कार्यक्रम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एकाच बंद पेटीत भरण्याची पद्धत रूढ झाली. या पेटीचा साचा म्हणजे ‘इमेज’ आणि त्या साच्यावरून प्रत्यक्ष चालू केलेली पेटी म्हणजे ‘कंटेनर’. एका इमेजपासून हवे तितके कंटेनर चालू करता येतात.

कंटेनर हा स्वतंत्र संगणक नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. एका यंत्रावरील सर्व कंटेनर लिनक्स या कार्यप्रणालीचा एकच गाभा वाटून घेतात. लिनक्समधील ‘नेमस्पेस’ या सोयीमुळे प्रत्येकाला आपले घर वेगळे असल्यासारखे भासते, तर ‘सीग्रुप’ या सोयीमुळे कोणी किती स्मृती व किती प्रक्रियाशक्ती वापरावी यावर मर्यादा घालता येते. सीग्रुपची सोय जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. २०१३ मध्ये ‘डॉकर’ हे साधन प्रसिद्ध झाल्यावर या सोयी सामान्य अभियंत्याच्या हाती आल्या. विंडोज अथवा मॅक वापरणाऱ्यास कार्यशाळेपूर्वी अधिक तयारी का करावी लागते, याचे उत्तर याच परिच्छेदात आहे: त्याच्या यंत्रात लिनक्सचा गाभा मुळात नसतो, तो आधी वसवावा लागतो.

संयोजनाची आवश्यकता

एक कंटेनर चालविणे सोपे आहे. अडचण येते ती अनेक कंटेनर अनेक यंत्रांवर चालवावे लागतात तेव्हा. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसाचा अनुभव घरोघरी आहे. इतर दिवशी ज्या संकेतस्थळाकडे फारसे कोणी फिरकत नाही, त्यावर निकालाच्या घटकेस लाखो पालक व विद्यार्थी एकदम लोटतात आणि पान उघडत नाही. अशा वेळी कार्यक्रमाच्या तीन प्रतींऐवजी तीस प्रती चालू करणे, एखादे यंत्र बंद पडल्यास त्यावरील प्रती दुसरीकडे हलविणे आणि गर्दी ओसरल्यावर जादा प्रती बंद करणे ही कामे माणसाने हाताने करावयाची म्हटल्यास ती वेळेवर होणे कठीण. ही कामे करणाऱ्या व्यवस्थेस संयोजन म्हणतात.

या कामासाठी आज सर्वाधिक परिचित असलेले साधन म्हणजे ‘कुबरनेटिस’. गूगल कंपनीने आपल्या ‘बोर्ग’ या अंतर्गत व्यवस्थेच्या अनुभवावरून ते तयार करून जून २०१४ मध्ये खुले केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २१ जुलै २०१५ रोजी निघाली आणि त्याच सुमारास ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ‘क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन’ या संस्थेकडे सोपविण्यात आले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे; किनाऱ्यावरील वाचकांस होडीवरील तांडेल आठवावा. लोकोपयोगी कामातही त्याचा वापर होतो. बंगळूर येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ मध्ये आरंभ झालेली ‘मोसिप’ ही नागरिकांच्या ओळखीची खुली प्रणाली कुबरनेटिसवर चालविली जाते आणि फिलिपिन्सने आपल्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी तिचा स्वीकार केलेला आहे.

कुबरनेटिसचे मर्म एका शालेय दृष्टांताने स्पष्ट होईल. मुख्याध्यापकांनी ठरविले की, तिन्ही वर्गांवर प्रत्येक तासिकेस एक शिक्षक असलाच पाहिजे. एखादे शिक्षक रजेवर गेले, तर मुख्याध्यापक लगेच बदली शिक्षक पाठवितात. वर्गावर कोण आहे यापेक्षा वर्ग रिकामा नाही, हे त्यांना महत्त्वाचे. कुबरनेटिसलाही ‘या कार्यक्रमाच्या तीन प्रती असाव्यात’ असे लिहून द्यावयाचे असते. ही झाली अपेक्षित स्थिती. प्रत्यक्ष स्थिती आणि अपेक्षित स्थिती यांची तुलना ते अखंड करीत राहते आणि तफावत दिसताच ती भरून काढते. कार्यशाळेत शिकावयाचे ते मुख्यतः हेच. आणि ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मनात ठसत नाही. म्हणूनच प्रत्येकाच्या पुढ्यातील यंत्र चालू स्थितीत असणे अगत्याचे आहे.

यंत्राची पात्रता

शिकण्यासाठी मोठ्या यंत्रांचा ताफा लागत नाही. एकाच संगणकावर लहानसा समूह, म्हणजे ‘क्लस्टर’, उभा करणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘मिनिक्यूब’ या साधनाची किमान अपेक्षा अशी: दोन प्रक्रियक गाभे, २ गिगाबाइट मोकळी रॅम आणि २० गिगाबाइट मोकळी डिस्क. यातील ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विंडोज आणि न्याहाळक स्वतःच पुष्कळ रॅम व्यापतात, म्हणून ८ गिगाबाइट रॅमचा संगणक असल्यास काम सुखाने होते. ज्यांच्याकडे ४ गिगाबाइटचे जुने यंत्र आहे, त्यांनी निराश होऊ नये. त्यावर थेट लिनक्स बसवून, २०१९ मध्ये निघालेले ‘के-थ्री-एस’ हे कुबरनेटिसचे हलके रूप चालवून पाहावे. त्याची मुख्य फाइल १०० मेगाबाइटांहूनही लहान आहे.

विंडोजच्या यंत्रात लिनक्स वसवावयाचे तर प्रक्रियकातील ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही सोय चालू असावी लागते. ती चालू आहे की नाही हे विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मधील ‘परफॉर्मन्स’ या पानावर दिसते. बंद असल्यास यंत्र सुरू होतानाच्या बायोस-मांडणीत जाऊन ती चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रांत ती ‘व्हीटी-एक्स’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एएमडी-व्ही’ किंवा ‘एसव्हीएम’ या नावाने आढळते.

येथेच अनेकांचा दिवस वाया जातो. समजा, तालुक्याच्या गावातील एखादे शिक्षक पहाटेची बस धरून शाळेचा लॅपटॉप घेऊन कार्यशाळेस आले. ही सोय बंद आहे असे तेथे आढळले. बायोसला संकेतशब्द आहे आणि तो पुरवठादाराखेरीज कोणास ठाऊक नाही. अशा वेळी तज्ज्ञ मार्गदर्शकही हतबल ठरतो. शिक्षकांच्या बुद्धीत उणे काही नव्हते आणि उत्साहातही नव्हते. घरी दोन मिनिटांची एक तपासणी तेवढी राहून गेली. कार्यालयीन यंत्रांवर नवे साधन बसविण्यास प्रशासकीय अधिकार लागतात, ही दुसरी अडचण. यासाठी किमान आठवडाभर आधी आपल्या कार्यालयप्रमुखाकडे लेखी विनंती करून हे अधिकार मिळवावेत. प्रमुखांनीही ती विनंती टेबलावर पडू देऊ नये.

तिसरी बाब अगदी क्षुल्लक वाटेल, पण ती फसवी आहे. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपली की घड्याळ मागे पडते. कुबरनेटिसचे भाग परस्परांशी प्रमाणपत्रांच्या आधारे बोलतात आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर आरंभ व समाप्तीची तारीख असते. घड्याळ चुकले की प्रमाणपत्र अवैध ठरते आणि दोष मात्र भलत्याच ठिकाणी शोधला जातो. सबब, तारीख व वेळ प्रथम तपासावी.

साधनांची जुळवाजुळव

पुढे दिलेल्या आज्ञा संगणकावर रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाच्या असतात. येथे त्यांचा उच्चार दिला आहे.

पहिले साधन म्हणजे कंटेनर चालविणारे यंत्रणासूत्र. लिनक्सवर डॉकर अथवा ‘पॉडमन’ थेट बसविता येते. विंडोजवर प्रथम ‘डब्ल्यूएसएल’ ही लिनक्सची सोय बसवावी आणि त्यावर डॉकर चालवावे. मॅकवर त्यासाठी तयार संच मिळतात. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. ‘डॉकर डेस्कटॉप’ हा सोयीचा संच वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी आणि लहान व्यवसायांसाठी विनामूल्य आहे. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अटींनुसार मोठ्या कंपन्यांना आणि शासकीय संस्थांना त्यासाठी वर्गणी भरावी लागते. लिनक्सवरील मूळ डॉकर इंजिन, पॉडमन आणि ‘रँचर डेस्कटॉप’ ही मुक्त साधने आहेत. शासकीय यंत्रावर काहीही बसविण्यापूर्वी परवान्याच्या अटी वाचणे हे कर्तव्यच होय.

दुसरे साधन ‘क्यूबसीटीएल’. समूहाला आज्ञा देण्याचे हे मुख्य माध्यम आहे. त्याची आवृत्ती समूहाच्या आवृत्तीपेक्षा फार तर एक पायरी मागे किंवा पुढे चालते. त्याहून अधिक अंतर असल्यास वर्तनाची शाश्वती नसते. कुबरनेटिसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी बसविलेले साधन तसेच वापरू नये आणि दोन वर्षांपूर्वीची सरावपत्रिकाही डोळे मिटून अनुसरू नये.

तिसरे साधन म्हणजे समूह उभा करणारे. मिनिक्यूबचा उल्लेख वर आलाच आहे. ‘काइंड’ हे दुसरे साधन समूहातील प्रत्येक यंत्राच्या जागी एकेक कंटेनर उभा करते, त्यामुळे एकाच संगणकावर तीन यंत्रांचा समूह झाल्याचे पाहता येते. दोहोंपैकी कोणते वापरावयाचे हे संयोजकांनी आधी कळवावे आणि सर्वांनी तेच बसवावे. चाळीस माणसांनी चार निरनिराळी साधने आणल्यास मार्गदर्शकाचा वेळ वाटेल तसा विभागला जातो.

चौथे साधन साधा संपादक. अपेक्षित स्थिती ज्या फाइलींत लिहावयाची, त्या ‘यामल’ नावाच्या पद्धतीने लिहिल्या जातात. त्यात ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो आणि त्यासाठी टॅबची कळ चालत नाही. कळ दाबताच टॅबऐवजी दोन मोकळ्या जागा उमटाव्यात, अशी मांडणी संपादकात घरीच करून ठेवावी.

इमेजांचा साठा

पूर्वतयारीतील सर्वांत दुर्लक्षित भाग हा होय. साधने आणि इमेज मिळून प्रत्येकास २ गिगाबाइट माहिती उतरवून घ्यावयाची आहे असे धरू. प्रशिक्षणार्थी ४० असल्यास एकूण ८० गिगाबाइट होतात. सभागृहातील इंटरनेटचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट असला आणि तो पूर्ण मिळाला, तरी त्यास पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागेल. वेग २० मेगाबिट असल्यास सुमारे नऊ तास, म्हणजे कार्यशाळेचा पूर्ण दिवसच संपला.

यात आणखी एक अडसर आहे. ‘डॉकर हब’ या सार्वजनिक कोठारातून ओळख न देता इमेज घेणाऱ्यांवर नोव्हेंबर २०२० पासून मर्यादा घालण्यात आली. एका आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० इमेज, अशी ती मर्यादा त्या वेळी ठरली. एका महाविद्यालयातील सर्व यंत्रे बाहेरच्या जगास बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. ४० जणांनी प्रत्येकी तीन इमेज मागितल्या की १२० मागण्या होतात आणि शेवटच्या रांगेतील मंडळींना नकार येतो. त्यांचे काही चुकलेले नसते. पुढच्या रांगेने कोठार संपविलेले असते. मर्यादेचे नियम बदलत असल्याने संयोजकांनी कार्यशाळेपूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, प्रत्येकाने घरी किंवा जेथे चांगले इंटरनेट मिळेल तेथे समूह एकदा उभा करावा. मिनिक्यूबने उभा केलेला समूह ‘मिनिक्यूब स्टॉप’ म्हणून थांबविला तरी पुसला जात नाही. कार्यशाळेत ‘मिनिक्यूब स्टार्ट’ म्हणताच तो पुन्हा उभा राहतो. दुसरा उपाय पेनड्राइव्हचा. ‘डॉकर सेव्ह’ या आज्ञेने इमेजची फाइल करता येते आणि दुसऱ्या यंत्रावर ‘डॉकर लोड’ने ती उतरविता येते. त्यानंतर ‘मिनिक्यूब इमेज लोड’ अथवा ‘काइंड लोड डॉकर-इमेज’ या आज्ञेने ती समूहाच्या आत न्यावी. ज्या गावात इंटरनेट रेंगाळते, तेथील प्रशिक्षणार्थ्यास या एका पेनड्राइव्हने शहरातील सहाध्यायाच्या बरोबरीने बसता येते. तिसरा उपाय संयोजकांच्या हाती आहे: सभागृहातीलच एका यंत्रावर स्थानिक कोठार उभे करावे, म्हणजे बाहेरून इमेज एकदाच येते आणि आतल्या आत सर्वांना वाटली जाते.

पेनड्राइव्हने इमेज आणणाऱ्यांसाठी एक सूचना. इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ अशी खूण असल्यास अथवा कोणतीच खूण नसल्यास कुबरनेटिस प्रत्येक वेळी बाहेरच्या कोठाराकडे विचारणा करते. इमेज यंत्रात असूनही मग ती मिळत नाही. म्हणून इमेज नेहमी निश्चित आवृत्तीच्या क्रमांकासह घ्यावी.

घरी करावयाची चाचणी

साधने बसली म्हणजे तयारी झाली असे मानू नये. कार्यशाळेच्या दोन दिवस आधी पुढील चाचणी अवश्य करावी.

१. समूह सुरू करून ‘क्यूबसीटीएल गेट नोड्स’ ही आज्ञा द्यावी. यंत्राच्या नावासमोर ‘रेडी’ असे दिसावे. प्रारंभी काही क्षण ‘नॉटरेडी’ दिसल्यास थोडे थांबावे.

२. ‘क्यूबसीटीएल व्हर्जन’ देऊन साधनाची व समूहाची आवृत्ती ताडून पाहावी.

३. ‘एन्जिनएक्स’ या वेब-सेवकाच्या निश्चित आवृत्तीची इमेज वापरून तीन प्रतींची एक ‘डिप्लॉयमेंट’ तयार करावी.

४. ‘क्यूबसीटीएल गेट पॉड्स’ म्हणताच तीन नावे दिसावीत. कंटेनर ज्या लहानशा एककात राहतो त्यास पॉड म्हणतात.

५. त्यांपैकी एक पॉड मुद्दाम पुसून टाकावा आणि यादी पुन्हा पाहावी. काही सेकंदांत नव्या नावाचा पॉड उभा राहिलेला आढळेल आणि संख्या तीनच असेल. मुख्याध्यापकांनी बदली शिक्षक पाठविला, तो हाच.

६. शेवटी ती डिप्लॉयमेंट पुसावी. आता मात्र सर्व पॉड जातात, कारण या वेळी अपेक्षाच मागे घेतली गेली.

एवढे झाले की प्रशिक्षणार्थी विषयाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला असे समजावे.

चाचणीत दोष आढळल्यास घाबरू नये. घरी आढळलेला दोष हा लाभच असतो. पॉड ‘पेंडिंग’ राहिला, तर बहुधा यंत्रात रॅम अथवा प्रक्रियाशक्ती अपुरी आहे. ‘इमेजपुलबॅकऑफ’ असे दिसल्यास इमेजचे नाव चुकले आहे किंवा ती कोठारातून मिळत नाही. ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ याचा अर्थ कंटेनर सुरू होतो आणि पुनःपुन्हा कोसळतो. ‘क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड’ ही आज्ञा घडलेल्या गोष्टींचा वृत्तान्त देते आणि ‘क्यूबसीटीएल लॉग्ज’ ही आज्ञा कार्यक्रमाने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी दाखविते. हे दोन्ही वाचण्याची सवय प्रारंभापासून लावून घ्यावी.

एक गंभीर इशारा

ज्या कर्मचाऱ्यांच्या यंत्रावर खऱ्या शासकीय अथवा व्यावसायिक सेवेच्या समूहाचा प्रवेश आधीच नोंदलेला आहे, त्यांनी विशेष सावध राहावे. क्यूबसीटीएल कोणत्या समूहास आज्ञा देते, हे एका मांडणी-फाइलीवरून ठरते आणि त्या फाइलीत अनेक समूह नोंदलेले असू शकतात. सराव म्हणून दिलेली पुसण्याची आज्ञा चुकून खऱ्या समूहावर गेली, तर दाखले, देयके किंवा रुग्णालयाची नोंदणी यांसारखी चालू सेवा बंद पडू शकते; आणि तिची झळ खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकास लागते. म्हणून कार्यशाळेस शक्यतो वेगळे यंत्र न्यावे. ते शक्य नसल्यास मांडणी-फाइल बाजूला काढून ठेवावी आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी ‘क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट’ ही आज्ञा देऊन आपण कोठे उभे आहोत हे पाहावे.

संयोजकांचे कर्तव्य

पूर्वतयारीचा भार केवळ प्रशिक्षणार्थ्यांवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. साधनांची नावे आणि आवृत्त्या असलेली एक पानी सूचना संयोजकांनी किमान पंधरा दिवस आधी पाठवावी. ती सोप्या मराठीत असावी आणि शेवटी चाचणीची अपेक्षित फलिते द्यावीत, म्हणजे वाचणाऱ्यास आपली तयारी पुरी झाली की नाही हे स्वतःच ठरविता येईल. सभागृहात वीजजोडणीची पुरेशी ठिकाणे असावीत. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या दिवसभर तग धरत नाहीत. आवश्यक फाइलींचे चार-पाच पेनड्राइव्ह तयार असावेत आणि ते विषाणूंसाठी तपासलेले असावेत. ज्यांच्याकडे योग्य यंत्र नाही, त्यांच्यासाठी एका सक्षम लिनक्स सेवकावर खाती उघडून प्रत्येकास समूहातील स्वतंत्र नेमस्पेस द्यावी. कार्यशाळेच्या आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी एक तास आधी ‘तयारी कक्ष’ उघडा ठेवल्यास उरलेल्या अडचणी तेथेच सुटतात आणि मुख्य सत्र वेळेवर सुरू होते.

संस्थाप्रमुखांनीही कर्मचाऱ्यास केवळ कर्तव्यरजा व प्रवासभत्ता मंजूर करून थांबू नये. तयारीसाठी कार्यालयीन वेळेतील अर्धा दिवस आणि यंत्रावरील आवश्यक अधिकार दिले, तर प्रशिक्षणावर होणारा सार्वजनिक खर्च सत्कारणी लागतो.

समारोप

कुबरनेटिसची सारी शिकवण एका वाक्यात सांगावयाची तर ती अशी की, हवी ती स्थिती आधी स्पष्ट लिहावी आणि प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी वारंवार ताडून पाहावी. कार्यशाळेच्या तयारीसही हेच लागू आहे. व्हर्च्युअलायझेशन चालू, घड्याळ बरोबर, परवाना योग्य, साधनांच्या आवृत्त्या जुळत्या, इमेज यंत्रात, आणि पुसलेला पॉड पुन्हा उभा राहिलेला पाहिला: ही सहा कलमे कागदावर लिहून भिंतीवर लावावीत व एकेकापुढे खूण करावी. सहाही खुणा झाल्या की लहान गावातील शिक्षक आणि मोठ्या शहरातील अभियंता कार्यशाळेच्या पहिल्या मिनिटास एकाच पंगतीत बसतात. पुढचा प्रवास ज्याच्या त्याच्या अभ्यासावर अवलंबून आहे.